आबांचा कंदील

आमच्या गावाचं नावच मुळी विहिरीवरून पडलेलं आहे, असं सांगतात. अरबीत विहिरीला 'बीर' म्हणतात. चौदाव्या शतकात महंमद तुघलक इकडून गेला, त्यानं गावाला ते नाव दिलं आणि पुढे 'बीर'चं 'भीर', 'भीड' करत करत 'बीड' झालं. मधल्या काळात सरकारी कागदांवर 'भीड' असं छापलेलं मी स्वतः वाचलेलं आहे. भीड म्हणजे संकोच. आमच्या गावच्या माणसाशी एसटीतल्या खिडकीच्या जागेवरून ज्यांचा एकदा तरी वाद झाला असेल, त्यांना हे नाव का टिकलं नाही हे वेगळं सांगायला नको.

याच तुघलकाचा दात आमच्याकडे दुखला. दुखला तो पडला, आणि पडला तो बादशहाचा दात म्हणून समारंभानं पुरून त्यावर चक्क घुमट बांधण्यात आला. बीडजवळ तो घुमट आजही दाखवतात. तात्पर्य, प्रकृतीच्या बारीकसारीक तक्रारींची स्मारकं उभारण्याची आमच्या जिल्ह्याची परंपरा सहा-सातशे वर्षांची आहे. प्रस्तुत लेख त्याच परंपरेत बसतो. फरक इतकाच, की इथे दुखणं माझं नसून माझ्या नातीचं आहे, आणि दाताचं नसून खोकल्याचं आहे.

नात पुण्याला असते. वय वर्षं नऊ. तिला पोहायला घातल्याचं सूनबाईंनी फोनवर सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं. पोहणं ही आमच्या घराण्यातली एकमेव कला. गाणं आमच्याकडे कुणाला आलं नाही, चित्र काढलं तर बैलाचा गाढव व्हायचा. पण पाण्यात पडून बुडायचं नाही, हे मात्र पिढ्यान् पिढ्या जमत आलेलं. पण पुढच्या फोनला सूनबाई म्हणाल्या, "बाबा, पोहून आली की खोकते हो ती. रविवारी सुट्टी असली की खोकला गायब." डॉक्टरांनी छाती तपासली, औषध दिलं. घरच्यांनी एक एक करून आइस्क्रीम, पंखा, कबुतरं आणि शेजारच्यांची अगरबत्ती यांच्यावर संशय घेतला. शेवटी आमची सौभाग्यवती म्हणाली, "तुम्ही इतके शहाणे आहात, तर स्वतः जाऊन बघून का येत नाही?" या वाक्यातला पहिला भाग आमच्या चाळीस वर्षांच्या संसारात प्रशंसा म्हणून कधीच वापरला गेलेला नाही, हे मला ठाऊक होतं. तरी गेलो.

तो तलाव म्हणजे एक काचेचा डबा होता. बाहेर डिसेंबर, अंगावर स्वेटर. आत पाऊल टाकलं आणि चष्म्यावर अशी वाफ धरली, की दोन मिनिटं मला नात कोणती आणि तरंगणारा प्लास्टिकचा बदक कोणता हे कळेना. भिंतीवर फळा होता : पाण्याचं तापमान ३३ अंश. खिडक्या होत्या, पण त्या उघडायच्या नसून बघायच्या होत्या. पंचवीस-तीस पोरं पाण्यात लाथा मारत होती. आणि वास! नाकात शिरून डोळ्यांतून बाहेर पडणारा, धोब्याच्या भट्टीची आणि सरकारी दवाखान्याची एकदम आठवण करून देणारा वास. दहा मिनिटांत मी स्वतःच खोकू लागलो. शिट्टी गळ्यात अडकवलेला एक तरणाबांड शिक्षक माझ्याजवळ आला आणि मोठ्या आपुलकीनं म्हणाला, "आजोबा, क्लोरीनचा वास आहे. वास येतोय म्हणजे पाणी एकदम स्वच्छ, समजा!" हे सांगताना तोही मधूनमधून खाकरत होता.

तेव्हा मला आबांचा कंदील आठवला.

आबा म्हणजे माझे आजोबा. आमच्या वाडीच्या शिवारात एक जुनी बारव होती. बारव म्हणजे काय हे मराठवाड्याबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आड अरुंद असतो, वरून पोहऱ्यानं पाणी शेंदायचं. विहिरीला मोट लागते. बारवेत मात्र पायऱ्यांनी थेट पाण्यापर्यंत उतरता येतं. बीडपासून थोड्या अंतरावरची खजाना बारव हा या कलेचा नमुना. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या अमदानीत सलाबतखानानं ती बांधवली. बांधणाऱ्याचं नाव राजा भास्कर असं सांगतात. जमिनीखालच्या भुयारी वाटांनी पाणी तिच्यात येतं आणि तसंच पुढे शिवाराला जातं. दुष्काळातही न आटणारी, अशी तिची ख्याती. आमची बारव तिच्यापुढे म्हणजे जहागीरदारापुढे पाटीवाला. पण पोहायला आम्ही तिथंच शिकलो. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा आणि मागून कुणीतरी ढकलून द्यायचं, एवढाच अभ्यासक्रम. शुल्क नाही, प्रमाणपत्र नाही. उत्तीर्ण झाला तो वर यायचा.

सन १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. पाणी तळाला गेलं, आणि वाडीतल्या बुजत आलेल्या एका जुन्या आडाचा गाळ काढून बघू, असं ठरलं. माणसं दोर, टोपली, कुदळ घेऊन जमली. एक गडी धोतराचा काचा मारून उतरायच्या बेतात होता. आबांनी त्याला दंडाला धरून मागं ओढलं. "थांब की लेकरा. आधी कंदील जाऊ दे." त्यांनी पेटता कंदील दोराला बांधून आडात सोडला. पाच हात, दहा हात, ज्योत ठीक होती. आणखी थोडा खाली गेला आणि ज्योत बारीक झाली, लाल झाली, पटकन विझली. कंदील वर काढला. काच धड, तेल भरपूर. पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा तिथंच विझला. कुणी काही बोलेना. मग आबांनी लिंबाचा एक मोठा डहाळा तोडून आणवला, दोराला बांधला आणि दोघांना तो आडात वर-खाली, वर-खाली करायला लावला. तासभर तो पंखा चालला. मग कंदील तळापर्यंत जाऊन तसाच पेटता वर आला, तेव्हा कुठे गडी उतरला.

बाया म्हणाल्या, आडात आसरा होत्या, आबांनी घालवल्या. आबा म्हणाले, "आसरा नाहीत अन् काही नाही. वारं कोंडलंय तळाला." चौथी नापास झालेल्या माणसानं वायुवीजनाचा अख्खा धडा चार शब्दांत सांगितला होता. कोंडलेल्या खड्ड्यात कर्बवायू हवेपेक्षा जड म्हणून तळाशी साचतो, प्राणवायू कमी होतो, आणि माणूस एक शब्द न बोलता कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. (कंदिलाला सगळे विषारी वायू कळत नाहीत, आणि एखादा वायू पेटही घेतो, म्हणून आज हे काम वायुमापक यंत्राशिवाय करू नये, हे सांगणं माझं कर्तव्य आहे. आबांकडे यंत्र नव्हतं.)

आता कुणी म्हणेल, झालं, म्हातारा बारवेची आरती सुरू करणार. मुळीच नाही. बारवेइतकं मोकळं वारं कुठे नसेल, पण बारवेच्या पाण्यात नारू होता. नव्या पिढीला नारू म्हणजे नारायणाचं लाडकं नाव वाटतं. नारू हा जंत. हात-दीड हात लांब, शेवयासारखा, माणसाच्या पायातून बाहेर यायचा. माझ्या आजीच्या घोट्यावर त्याची खूण होती. तिच्या पायातून तो रोज थोडा थोडा काडीला गुंडाळत काढला होता. ओढला की तुटायचा, आणि तुटला की पाय सडायचा. कारण सगळं बारवेच्या पायऱ्यांत होतं. पायाला फोड आलेला माणूस पायऱ्या उतरून पाण्यात उभा राही, फोड फुटे, जंताची पिल्लं पाण्यात जात, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या पाणपिसवा ती गिळत, आणि तेच पाणी पुढचा माणूस ओंजळीनं पिई. म्हणजे ज्या पायऱ्यांचं आम्ही कौतुक करतो, त्याच रोगाचा जिना होत्या. १९८३-८४ पासून देशात नारूनिर्मूलनाची मोहीम झाली. रोग असलेल्या सात राज्यांत आपला महाराष्ट्रही होता. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून वरून शेंदायच्या करण्यात आल्या, हातपंप आले, पाणी फडक्यानं गाळून प्यायला लोक शिकले. शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. ना लस, ना औषध. नुसतं पाण्यात पाय घालणं बंद केलं आणि पाणी गाळलं.

सांगायचा मुद्दा असा, की पाण्यात माणूस उतरला की तो आपलं काहीतरी पाण्यात सोडतोच. बारवेत नारू सोडायचा. तलावात काय सोडतो, ते आता नाक मुरडून का होईना, ऐकायला हवं.

तलावात क्लोरीन घालतात ते उगाच नव्हे. शेले नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं हा वायू १७७४ साली पहिल्यांदा वेगळा केला. १८९७ साली इंग्लंडात मेडस्टन गावी विषमज्वराची साथ आली तेव्हा ब्लीचिंग पावडरनं पाणी शुद्ध केलं गेलं. १९१० साली अमेरिकेत ब्राउन विद्यापीठातल्या पोहण्याच्या तलावात तीच युक्ती वापरली. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९१५ च्या एप्रिलात, ईप्रच्या रणांगणावर हाच वायू नळकांड्यांतून शत्रूवर सोडण्यात आला. एकाच वस्तूनं कुठे पाणी राखावं आणि कुठे माणसं मारावीत, हे ती कुणाच्या हातात आहे यावर असतं. तेव्हा क्लोरीनला नावं ठेवायची नाहीत. त्याच्यावाचून तलाव म्हणजे पंचवीस पोरांची सामायिक न्हाणी.

पण खरी गंमत पुढे आहे. तो डोळे चुरचुरवणारा वास मुळी क्लोरीनचा नसतोच! ताज्या, स्वच्छ पाण्यात नीट प्रमाणात घातलेल्या क्लोरीनला वास येतो तो अगदी थोडा. घाम, अंगावरचं तेल आणि (आता बोलतोच) लघवी यांच्यातल्या नत्राशी क्लोरीनची गाठ पडली, की क्लोरामाइन नावाचं कुटुंब जन्माला येतं. त्यातलं सगळ्यात खट्याळ कारटं म्हणजे ट्रायक्लोरामाइन. ते पाण्यात विरघळून राहत नाही, चटकन हवेत उठतं. आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे लांब जात नाही, पाण्याच्या पाठीवरच पसरून राहतं. पोहणाऱ्याचं नाक कुठे असतं? बरोबर तिथंच. म्हणजे "वास येतोय म्हणजे पाणी स्वच्छ" हे वाक्य उलटं वाचायला हवं. वास येतोय म्हणजे क्लोरीनला निस्तरायला पाण्यात बरंच काही आहे आणि वारं कोंडलेलं आहे.

या ट्रायक्लोरामाइनची कुंडली मी नंतर काढली, आणि थक्क झालो. १८११ साली फ्रान्समध्ये द्युलाँ यानं ते शुद्ध रूपात तयार केलं. ते असं स्फोटक निघालं, की त्या बिचाऱ्याची दोन बोटं आणि एक डोळा गेला. पुढच्याच वर्षी सर हंफ्री डेव्ही यांनी तोच प्रयोग केला. त्यांच्याही डोळ्यांना इजा झाली. लिहिता येईना म्हणून त्यांनी एका पुस्तकबांधणी करणाऱ्या पोऱ्याला काही दिवस लेखनिक म्हणून बोलावलं. त्याचं नाव मायकेल फॅरडे. १८१३ साली तो तिथंच कायमचा मदतनीस झाला, आणि पुढे त्याच्या डोक्यातून निघालेल्या विजेवर आज आमच्या शिवारातला पंप चालतो, म्हणजे भारनियमन नसेल तेव्हा चालतो. विसाव्या शतकात याच वायूनं विलायतेत गव्हाचं पीठ पांढरंशुभ्र करत. १९४६ साली मेलनबी यांनी दाखवून दिलं, की असं पीठ खाऊ घातलेल्या कुत्र्यांना झटके येतात. या वायूमुळे पिठातच एक घातक द्रव्य तयार होई. मग ती पद्धत बंद पडली. असा हा इतिहासप्रसिद्ध वायू. तलावातलं त्याचं प्रमाण अगदी अल्प, स्फोटबिट होत नाही. पण घसा, डोळे आणि छाती यांना तेवढंही पुरतं.

बरं, पाणी गरम केलं की काय होतं? माणसाला घाम जास्त येतो, पाण्याची वाफ जास्त होते, वायू जास्त उठतो. पोरांनी लाथा मारल्या की आणखी उठतो. त्यात खर्च वाचवायला मालक बाहेरची थंड हवा आत घेत नाही, तीच तीच आतली हवा फिरवत राहतो. कारण ताजी हवा आत घेतली की ती तापवावी लागते आणि बिल येतं. आंतरराष्ट्रीय शर्यतींच्या तलावाचं पाणी २५ ते २८ अंश ठेवतात. अगदी लहान मुलांना किंवा सांधेदुखीच्या रोग्यांना कोमट पाणी ठीक. पण जोरानं हातपाय मारणाऱ्याचं शरीर तापतं आणि ती उष्णता ऊन पाण्यात जायला जागा राहत नाही. २०१० साली फुजैराच्या समुद्रातल्या शर्यतीत फ्रॅन क्रिपेन हा अमेरिकेचा नामांकित जलतरणपटू वारला. पाणी फार ऊन असल्याच्या तक्रारी होत्या. पुढे खुल्या पाण्यातल्या शर्यतींना ३१ अंशांची वरची मर्यादा घालण्यात आली. समुद्रात निदान हवा तरी मोकळी होती.

डॉक्टर मंडळींनी हे तपासलेलं आहे. २००२ साली इंग्लंडातल्या तलावांवर काम करणाऱ्या माणसांना ट्रायक्लोरामाइनमुळे दमा झाल्याचं प्रसिद्ध झालं. २००३ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी बंद तलाव आणि मुलांचा दमा यांचा संबंध असावा असं मांडलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली तलावांच्या हवेत ट्रायक्लोरामाइन घनमीटरला अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं सुचवलं. आणि दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर सूनबाई म्हणतील बाबांनी पोरीचं पोहणं बंद केलं : २०११ साली इंग्लंडातल्याच हजारो मुलांच्या पाहणीत पोहणाऱ्या मुलांना दमा जास्त असल्याचं दिसलं नाही, उलट त्यांची फुप्फुसं थोडी सरसच निघाली. आपल्या इस्लामपूर भागातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले, ते उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ साली हायडलबर्गच्या अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक घेऊन बाहेर आले. तेव्हा पाण्याशी आपलं भांडण नाही. भांडण कोंडलेल्या वाऱ्याशी आहे.

आणि हे जुन्या लोकांना कळत होतं. दौलताबादच्या किल्ल्यात शाही हमाम आहे. ऊन पाण्याचा, वाफेचा शौक त्यांनाही होता. पण हमाम बांधणारे घुमटाला झरोके ठेवीत. उजेड आत येई, वाफ बाहेर जाई. आमच्या काचेच्या डब्याला चारी बाजूंनी उजेड होता, पण झरोका एकही नव्हता.

मी त्या शिक्षकाला हे सगळं सांगितलं. पूर्वी इतिहासाचा मास्तर होतो, त्यामुळे तुघलकापासून सुरुवात केली. डेव्हीपर्यंत येईतो त्यानं तीनदा शिट्टी वाजवली. पण पोरगा गुणी होता. मी शेवटी एवढंच विचारलं, "बाळ, तुला रात्री खोकला येतो का रे?" तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "येतो, आजोबा. वर्ष झालं. सुट्टीत गावाकडं गेलो की थांबतो."

माझ्या नातीचा खोकला तासाभराचा होता. तो तर तिथं रोज आठ तास काढत होता. मी भांडायला आलो होतो तो त्याच्याशी, आणि आडात उतरलेला गडी तोच निघाला. त्याला दंडाला धरून मागं ओढणारं कुणी नव्हतं.

मग आम्ही दोघे मिळून मालकांकडे गेलो. भिंतीत हवा बाहेर टाकणारे दोन मोठे पंखे होते. वीजबिलापायी ते बंद होते. मालक आधी ऐकेनात. मी म्हटलं, "साहेब, आपण आत बसून माझ्याबरोबर एक तास गप्पा मारा." ते आले. पंचवीस मिनिटांत त्यांनी रुमाल काढला. पंखे सुरू झाले. पाण्यात उतरण्याआधी साबण लावून अंघोळ आणि शौचालयाची फेरी सक्तीची, असा फलक लागला. पाणी दोन अंश उतरवलं तेव्हा काही आयांनी "गार पडलं हो" म्हणून ओरड केली. तीही चार दिवसांत विझली. शिक्षकाला मी छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं, आणि काम काय करतोस, कुठे करतोस हे त्यांना आधी सांग, असं बजावलं. नाहीतर तेही आइस्क्रीम बंद करायचे.

नातीचा खोकला बराच कमी झाला. सगळा गेला म्हणालो असतो तर गोष्टीला शोभलं असतं, पण पुण्यात कबुतरंही आहेत.

मे महिन्यात ती बीडला आली. शेतातल्या मोठ्या विहिरीवर तिला घेऊन गेलो; पाणी भरपूर, वर उघडं आभाळ. पाठीला डबा नाही, अंगात तरंगतं जाकीट. काठावर उभी राहून तिनं आधी खाली वाकून दीर्घ श्वास घेतला, आबांनी कंदील सोडावा तसा. मग म्हणाली, "आजोबा, वास नाही. उडी मारू?"

"थांब, अजून खात्री करतो," असं म्हणून मी खिशातून मोबाइल काढला, त्याचा दिवा लावला आणि ऐटीत विहिरीवर धरला.

"आजोबा," ती म्हणाली, "तो कसा विझेल?"

खरंच की. तो काही केल्या विझत नाही. मी तो खिशात घातला, आणि तिच्यासारखंच वाकून नाक पुढे केलं.